पोटाची भिंत कुठे कच्ची असते

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेचजण जिममध्ये शिकवतात आणि काही फिजिओथेरपीचे विद्यार्थी आहेत. आजच्या विषयासाठी आकृती नंतर बघू, आधी स्वतःचं पोट वापरा. उभे राहा आणि दोन्ही हात पँटच्या पुढच्या खिशात घाला. बोटं बाजूकडून मध्याकडे आणि वरून खाली जातात. पोटाच्या सगळ्यात बाहेरच्या स्नायूचे, म्हणजे बाह्य तिरकस स्नायूचे तंतू याच दिशेने जातात. तो खालच्या आठ बरगड्यांवरून निघतो. आता उजवा हात डाव्या छातीवर ठेवा. उजव्या कमरेकडून वर आणि मध्याकडे जाणारी ही रेघ म्हणजे उजव्या आंतर तिरकस स्नायूची दिशा. त्याच्याही आत तिसरा थर आहे, आडवा स्नायू. त्याचे तंतू कमरपट्ट्यासारखे मागून पुढे येतात. चौथा सरळ स्नायू मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना उभा असतो. तो खाली जघनास्थीला, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मधोमध हाताला लागणाऱ्या हाडाला, धरलेला असतो आणि वर पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेपर्यंत जातो.

छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, कटीराला, म्हणजे कमरेखालच्या भागाला, हाडांचं कडं आहे. मधल्या पोटाला पुढून एकही हाड नाही. खोकताना, शिंकताना, पन्नास किलोचं पोतं उचलताना आत जो दाब तयार होतो तो या चार स्नायूंनी सांभाळायचा असतो. प्लायवूड बनवताना प्रत्येक थराचे रेषे आधीच्या थराला आडवे ठेवतात, त्यामुळे पातळ फळीही सहजासहजी चिरत नाही. इथेही हीच रचना आहे. भिंत फाटते किंवा फुगते ती जिथे थर कमी पडतात तिथेच. आज मला मुख्यतः या जागांविषयी बोलायचं आहे, कारण व्यायाम शिकवणाऱ्याला सिक्स पॅकची माहिती असते, पण या जागांची बहुधा नसते.

सिक्स पॅकचं एकदा बोलून टाकतो. सरळ स्नायूत तीन आडव्या कंडरापट्ट्या असतात: एक बेंबीच्या पातळीला, एक छातीच्या हाडाच्या टोकाशी आणि एक या दोघींच्या मध्ये. या पट्ट्या पुढच्या आवरणाला घट्ट चिकटलेल्या असतात, मागच्या आवरणाला नाहीत. त्यांच्यामधला मांसल भाग वर उचलला जातो आणि आपल्याला चौकटी दिसतात. किती चौकटी आणि त्या समोरासमोर आहेत की वर-खाली, हे जन्मतः ठरलेलं असतं. व्यायामाने स्नायू जाड होतो, पट्ट्या सरकत नाहीत. एखाद्या पोराला 'तुझे अॅब्ज वाकडे आहेत, जास्त सेट मार' असं सांगणं म्हणजे त्याला उगाच राबवणं आहे.

पाय दाबून धरून पूर्ण सिट-अप करायला लावण्याबद्दलही तेच. खांदे आणि खवाटे जमिनीवरून सुटेपर्यंतचं काम सरळ स्नायू करतो. त्यापुढे धड मांडीकडे आणण्याचं काम मुख्यतः सोआस आणि इलियाकस हे कंबरेतून मांडीकडे जाणारे स्नायू करतात. सोआस कमरेच्या मणक्यांना धरलेला असल्याने तो तेच मणके पुढे ओढतो. ज्याची कंबर आधीच दुखते आहे त्याला अर्ध्यावर थांबवा.

वळण्याची क्रिया बघण्यासारखी आहे. धड उजवीकडे वळवताना डावा बाह्य तिरकस आणि उजवा आंतर तिरकस एकत्र काम करतात. त्यांच्या तंतूंची दिशा एकच आहे, त्यामुळे मध्यरेषा ओलांडून डाव्या बरगड्यांपासून उजव्या कमरेपर्यंत एक सलग दोरी ताणल्यासारखी होते. उजव्या हाताने टाकणाऱ्या वेगवान गोलंदाजाला अचानक दुखणं येतं ते डाव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांपाशी. चेंडू सोडण्याआधी ती बाजू ताणलेली असते आणि त्याच क्षणी तिला जोरात आकसावं लागतं. बहुतेक वेळा फाटतो तो आंतर तिरकस, बरगडीला जिथे लागलेला असतो तिथे. अशा खेळाडूला बाजूला वाकवून स्ट्रेचिंग देऊ नका. फाटलेली जागा आणखी ओढली जाते.

तिरकस आणि आडवे स्नायू मध्याकडे येताना मांसल राहत नाहीत. त्यांचे पांढरे, चपटे, जाड कापडासारखे पडदे होतात, आणि हे पडदे सरळ स्नायूभोवती म्यान तयार करतात. बेंबीच्या वर आंतर तिरकसाचा पडदा दुभागतो. त्याचा एक पदर सरळ स्नायूच्या पुढून आणि एक मागून जातो, म्हणून म्यानाला पुढची आणि मागची अशा दोन्ही भिंती मिळतात. बेंबी आणि जघनास्थी यांच्या साधारण मध्यावर ही रचना बदलते. तिथून खाली तिन्ही पडदे सरळ स्नायूच्या पुढे जातात आणि मागे उरतं फक्त एक पातळ अस्तर आणि पोटाच्या आतलं नाजूक आवरण. डिसेक्शनच्या, म्हणजे शवविच्छेदनाच्या, टेबलावर सरळ स्नायू बाजूला उचलला की ही सीमा कमानीसारखी स्पष्ट दिसते. वर चकचकीत पांढरं, खाली एकदम पारदर्शक. याच कमानीपाशी एक रक्तवाहिनी खालून म्यानात शिरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क माणसाला खोकल्याची मोठी उबळ आली की कधीकधी ती इथे फुटते. ओटीपोटात एका बाजूला एकाएकी दुखणारी गाठ येते आणि आतड्याचं काही झालं असा समज होतो. रुग्णाला उताणं झोपवून डोकं उचलायला सांगा. गाठ पोटाच्या आत असेल तर ताठरलेल्या स्नायूमागे ती लपते. भिंतीतच असेल तर हाताला लागत राहते आणि दुखणं तेवढंच राहतं किंवा वाढतं.

दोन्ही बाजूंचे पडदे मध्यरेषेवर एकमेकांत विणले जातात, ती पांढरी रेषा. तिच्यात स्नायू नाही. बाळंतपणात हीच रेषा रुंदावते. तपासायचं असं: बाईला उताणं झोपवा, गुडघे वाकवा, बेंबीपाशी बोटं आडवी ठेवा आणि तिला फक्त डोकं उचलायला सांगा. दोन कडांमध्ये किती बोटं मावतात ते बघा, बोटं किती खोल जातात तेही बघा. दोन सेंटीमीटरच्या पुढे अंतर असेल तर नोंद ठेवा. डोकं उचलताना मध्यरेषेवर नौकेच्या तळासारखा उंचवटा आला तर त्या बाईला सध्या क्रंचेस देऊ नका. दाब सरळ कच्च्या जागेवर जातो आहे, हे त्याचं चिन्ह. रेषा रुंदावणं म्हणजे हर्निया, म्हणजे भिंतीच्या कच्च्या जागेतून आतला भाग बाहेर येणं, नव्हे. रेषा ताणलेली असते, भोक नसतं.

आपल्याकडे बाळंतिणीचं पोट सुती कापडाने बांधतात. सैलसर बांधलं तर आधार मिळतो, उठता-बसताना बरं वाटतं, त्यात गैर काही नाही. रुंदावलेली रेषा मात्र कापडाने जुळून येत नाही. आणि आवळून बांधलं तर दाब वरून खाली, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो. ते स्नायू नुकतेच प्रसूतीतून गेलेले असतात. लघवी थेंबथेंब होते अशी तक्रार असेल तर पोट आवळणं आधी सैल करा. तान्ह्या बाळाच्या फुगलेल्या बेंबीवर नाणं बांधण्याचा प्रकारही थांबवायला हवा. बहुतेक बाळांत बेंबीतलं भोक पहिल्या काही वर्षांत आपोआप बंद होतं. नाण्याने काही बंद होत नाही, पण घाम साचून कातडी सोलते.

आडव्या स्नायूबद्दल गेली काही वर्षं फार बोललं जातं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात असं दिसलं की निरोगी माणूस हात हलवण्याआधीच त्याचा आडवा स्नायू आकसतो, आणि कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा आकसतो. निरीक्षण महत्त्वाचं होतं. त्यातून 'पोट आत ओढून धरा' हा मंत्र झाला आणि तो उठता-बसता लोकांना देण्यात आला. पुढच्या चाचण्यांत, कंबरदुखीसाठी हा व्यायाम इतर नियमित व्यायामांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. तेव्हा तो शिकवा, पण तोच एक उपाय म्हणून विकू नका. शिकवायचा असेल तर कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन सेंटीमीटर आत आणि थोडं खाली दोन बोटं ठेवा. श्वास चालू ठेवून ओटीपोट हळू आत घ्यायला सांगा. बोटांखाली हलका ताण जाणवला तर बरोबर. बोटं बाहेर ढकलली गेली तर आंतर तिरकस जोर लावतो आहे. श्वास थांबला तर पुन्हा सुरुवात करा.

आता जांघ. पोटाच्या भिंतीत सगळ्यात जास्त हर्निया इथे होतात. बाह्य तिरकसाच्या पडद्याची खालची कड दुमडून एक बंध होतो, कमरेच्या पुढच्या टोकापासून जघनास्थीच्या गाठीपर्यंत. या बंधाच्या अर्ध्या वाटेवर, साधारण सव्वा सेंटीमीटर वर, भिंतीच्या आतल्या थरात एक तोंड असतं. तिथून तिरपा, सुमारे चार सेंटीमीटर लांबीचा बोगदा मध्याकडे आणि खाली जातो आणि जघनास्थीच्या गाठीच्या वर बाहेर उघडतो. गर्भात वृषण पोटात असतात. ते सातव्या महिन्याच्या सुमारास या वाटेने खाली उतरू लागतात आणि मागे दोरीसारखी वाट ठेवून जातात. स्त्रियांत त्याच वाटेने गर्भाशयाचा एक बारीक बंध जातो. म्हणून पुरुषांत ही जागा जास्त रुंद आणि हर्निया कितीतरी जास्त.

दोन तोंडं समोरासमोर नाहीत. पोटात दाब वाढला की मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबली जाते. आंतर तिरकस आणि आडवा स्नायू बोगद्यावरून कमानीसारखे जातात, ते आकसले की कमान सपाट होऊन खाली येते, दुकानाचं शटर ओढावं तशी. खोकताना हे क्षणात घडतं. वर्षानुवर्षांचा खोकला, कुंथून शौच, प्रोस्टेट वाढल्याने जोर लावून होणारी लघवी, यांनी हे शटर थकतं. नुसता हर्निया दुरुस्त करून खोकला तसाच ठेवला तर हर्निया परत येण्याची शक्यता राहते.

लहान मुलात वृषणाबरोबर खाली आलेली पिशवी बंद व्हायची राहिलेली असते. स्नायू चांगले असतात. म्हणून सर्जन पिशवी बांधून टाकतो, आधाराची कृत्रिम जाळी घालत नाही. म्हाताऱ्या माणसात बोगद्याची मागची भिंतच ढिली पडते आणि पोटातला भाग सरळ पुढे येतो. तिथे भिंतीला आधार द्यावा लागतो. बॅसिनी या इटालियन सर्जनने १८८७ मध्ये हर्निया दुरुस्तीची आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी कमान खाली आणून बंधाला शिवली. पद्धत मोठी होती, पण शिवण ताणाखाली राहत असे. विसाव्या शतकाच्या शेवटी लिश्टेनस्टाइन या अमेरिकन सर्जनच्या पद्धतीने ताण न देता जाळी शिवणं रूढ झालं.

तुमच्याकडे येणारा माणूस म्हणेल, 'जांघेत फुगा येतो, झोपलो की जातो.' त्याला वजन उचलायला लावू नका, सर्जनकडे पाठवा. तोपर्यंत पट्टा बांधून वर्षं काढणारेही असतात. पट्ट्याने भोक लहान होत नाही. आणि फुगा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर आतड्याला फास बसला असं समजा. तो दाबून आत ढकलायचा प्रयत्न करू नका, खायला-प्यायला काही देऊ नका, रात्र असली तरी ज्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय आहे तिथे घेऊन जा. यात वेळ मोजायची ती तासांत.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसापासून उठायची पद्धत शिकवा. उताणं असताना सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या कोपराने धड वर ढकलायचं. खोकला आला तर टाक्यांवर छोटी उशी किंवा दुमडलेला टॉवेल तळहाताने दाबून धरायचा, मगच खोकायचं.