उतरल्यावर गर्रकन फिरणारं विमान: हार्वर्डचा ग्राउंड लूप

नमस्कार मंडळी. आज सोबत मॉलमधली ट्रॉली आणली आहे. हिची पुढची दोन चाकं कुठेही वळतात, मागची दोन घट्ट बसवलेली आहेत. नेहमीसारखी ढकलली की सरळ जाते. आता हिला उलटी धरतो, घट्ट चाकं पुढे, आणि एक धक्का देऊन सोडतो.

(ट्रॉली ढकलतो)

बघितलंत? जरा पुढे गेली आणि गर्रकन फिरून माझ्याकडे तोंड केलं. ती नीट बनवलेली नाही असं अजिबात नाही. घट्ट चाकं पुढे आणि वजन त्यांच्या मागे असलं, की ते वजन पुढे यायला बघतं. जरासा तिरकेपणा आला तरी तो आपोआप वाढत जातो.

हार्वर्ड हे शिकाऊ वैमानिकांचं विमान नेमकं असंच होतं. एक इंजिन, 600 अश्वशक्ती, मोठी दोन चाकं पुढे आणि छोटं चाक शेपटीखाली. 17 डिसेंबर 1939 ला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी हवाई प्रशिक्षणाचा करार केला. त्या योजनेत कॅनडात 1,31,000 हून जास्त हवाई कर्मचारी तयार झाले, आणि लढाऊ विमानांकडे जाणारी बरीच मुलं या पिवळ्या हार्वर्डवर शिकली. स्वातंत्र्यानंतर आपल्या हवाई दलातही हे विमान अनेक वर्षं होतं.

आता अपघात कसा होतो ते बघू. कॅडेट पुढच्या सीटवर, इन्स्ट्रक्टर मागे. तिन्ही चाकं एकदम टेकवायची तर नाक वर, त्यामुळे समोर फक्त इंजिन दिसतं. धावपट्टीच्या कडा बाजूने बघूनच अंदाज घ्यायचा. चाकं छान टेकतात. पोरगा मोकळा श्वास घेतो, आणि पाय सैल पडतात.

घात होतो तो इथेच.

समजा, वारा डावीकडून आहे. शेपटीच्या उभ्या पंखावर तो आदळतो, शेपूट उजवीकडे जाते आणि नाक डावीकडे वळतं. कॅडेटच्या हे एक सेकंद उशिरा लक्षात येतं. तो उजवं पेडल दाबतो, पण जोरात, आणि वेळेत सोडत नाही. नाक आता उजवीकडे झेपावतं. दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा. त्यात वेग कमी होत चाललेला, म्हणजे रडरवरून (शेपटीच्या उभ्या पंखाचा पेडलने वळणारा भाग) हवा कमी वाहते आणि त्याची ताकद दर क्षणाला घटते. शेवटचा उपाय एका बाजूचा ब्रेक, पण तोही जपून. घाईत दोन्ही दाबले गेले तर विमान नाकावर पालथं व्हायची भीती.

मग विमान स्वतःभोवती फिरतं. हाच ग्राउंड लूप. सगळा भार वळणाच्या बाहेरच्या चाकावर येतो, पंखाचं टोक जमिनीला घासतं, कधी चाकाचा पायच आत मोडतो. माणसं बहुतेक वेळा धडधाकट बाहेर येतात, विमान मात्र वर्कशॉपमध्ये जातं.

याहून भयंकर चूक वेगळीच आहे. विमान उसळलं म्हणून घाबरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद वाढवणारा दांडा, एकदम पुढे ढकलणं. कमी वेगात पूर्ण ताकद आली की प्रोपेलरच्या जोरामुळे विमान डावीकडे वळतं आणि कलंडतंही. जमिनीपासून काही फुटांवर ते सावरायला जागाच नसते. थ्रॉटल हळूहळू वाढवायचा आणि त्याच वेळी उजवा पाय द्यायचा, हे इन्स्ट्रक्टर घोकून घेतात ते यासाठीच.

अशा पोरांना सरसकट निष्काळजी म्हटलेलं मला पटत नाही. त्यांना पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान उडवायचं होतं, आणि त्याचंही तिसरं चाक शेपटीखालीच. ही सवय लागायची ती हार्वर्डवरच.

आज आपले कॅडेट पिलाटस पीसी-7 वर शिकतात. प्रोपेलर त्यालाही आहे, पण तिसरं चाक नाकाखाली. वजन मुख्य चाकांच्या पुढे, म्हणजे आपली सरळ ढकललेली ट्रॉली. किंचित तिरकं टेकलं तरी ते स्वतःहून सरळ व्हायला बघतं.

हार्वर्ड उतरतानाचा एखादा व्हिडिओ मिळाला तर शेपटीवरचं रडर बघा. चांगला वैमानिक असेल तर चाकं टेकल्यापासून विमान पूर्ण थांबेपर्यंत ते डावी-उजवीकडे बारीक बारीक हलतच राहतं.