पडद्यावरचा धूर, वखारीतली धूळ

(निपाणी भागातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण. लिहून काढताना थोडं आटोपशीर केलं आहे.)

अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘धूम्रपानबंदीचा अतिरेक होतोय का?’ विषय मी सुचवलेला नाही, पण मिळाल्यावर सोडलाही नाही. निपाणीत उभं राहून तंबाखूबद्दल बोलायचं म्हणजे घरच्याच माणसाबद्दल चारचौघांत बोलायचं. इथल्या कित्येकांची शिक्षणं तंबाखूच्या पैशावर झालीत. माझं झालं. आई वखारीत होती, संध्याकाळी घरी बिड्या वळायची, आणि मी एम.ए. झालो. त्यामुळे आज कुणी मला तंबाखूचा वैरी समजू नये आणि वकीलही समजू नये.

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी एकोणीस वर्षं सिगारेट ओढली. पहिली ओढली ती रविवारच्या मॅटिनीनंतर. थिएटरातून बाहेर आलो, कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर एक सुटी घेतली आणि नायकानं जशी ओंजळीचा आडोसा करून काडी पेटवली होती तशी पेटवायला गेलो. तीन काड्या वाया गेल्या. पानपट्टीवाले अण्णा म्हणाले, “पोरा, माचिसचे पैसे वेगळे.” तेव्हा सिनेमाचा पोरांवर काही परिणाम होत नाही, असं मला तरी कुणी सांगू नये. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०१२ च्या अहवालात हेच म्हटलंय : पडद्यावरचं धूम्रपान पाहून तरुण पोरं ओढायला लागतात, हा कार्यकारणसंबंधच आहे. मला ते तीन काड्यांत कळलं होतं.

आता बंदीकडे येऊ. इथं बसलेल्यांपैकी पन्नाशीच्या वरच्यांना जुनी लाल एसटी आठवत असेल. बेळगाव-निपाणी गाडी, पावसाळ्याचे दिवस, खिडक्या बंद, आणि पुढच्या सीटवर एक गृहस्थ बिडी पेटवून निवांत. कंडक्टरला सांगावं तर त्याच्याच कानावर अर्धी बिडी अडकवलेली. दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर राखेची तबकडी असायची. कॉलेजात आमचे एक प्राध्यापक वर्गात शिकवताना ओढायचे आणि आम्हाला ते फार विद्वान वाटायचे.

हे बदललं ते आपोआप नाही. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नियम खऱ्या अर्थानं लागू झाले. याला मी अतिरेक म्हणायला तयार नाही. एसटीतल्या त्या गृहस्थांची बिडी त्यांची होती, पण धूर माझ्या मांडीवरच्या पोरीच्या नाकात जात होता. त्याची परवानगी तिनं दिली नव्हती.

आणि मंडळी, ‘बंदी’, ‘सक्ती’, ‘गळचेपी’ हे शब्द आपल्या भागात जरा जपून वापरावेत. हा मराठी भाग कर्नाटकात घातला गेला म्हणून दर १ नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो, हे तुम्हाला सांगायला नको. बस स्टँडवर बिडी ओढू दिली नाही म्हणून कुणी तेच शब्द वापरले तर मला कसंसंच होतं. परवा एका दुकानदारानं मात्र हसवलं. म्हणाला, “सर, माझ्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे, आणि आत पाकिटावर ८५ टक्के कॅन्सरचं चित्र. मग माझं नाव कुठं लिहू?”

ते ८५ टक्केही सुखासुखी आलेलं नाही. एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा एवढा भाग चित्रासाठी द्यावा लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. चित्र राहिलं. पण सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतंच कुठं? सुटी विकायची नाही असा नियम आहे. तो नियम कुठल्या पानपट्टीवर पाळला जातो, ते मला दाखवा. मी तिथं जाऊन तुमच्या सगळ्यांतर्फे हार घालीन.

सीमेवर राहण्याची एक गंमत सांगतो. केंद्राच्या कायद्यात तंबाखू विकत घेण्याचं वय १८ आणि सार्वजनिक ठिकाणी ओढलं तर दंड २०० रुपयांपर्यंत. कर्नाटकानं २०२५ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती लागू केली. वय २१ केलं, दंड १००० केला. आता आपलं देवचंद कॉलेज आहे अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, आणि पोरं निम्मी निपाणीची. एकोणीस वर्षांच्या पोराला घराजवळ सिगारेट विकणं गुन्हा, आणि कॉलेजकडं चार पावलं टाकली की वयाची अडचण संपली. शाळा-कॉलेजच्या आसपास विक्रीला मनाई आहे ती वेगळी, पण तुम्हाला मुद्दा कळला. गुटख्याचंही तेच झालं. महाराष्ट्रानं २०१२ साली बंद केला, कर्नाटकानं २०१३ साली. मधल्या वर्षात सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून काय काय पलीकडे गेलं, ते ट्रकवाल्यांना विचारा. पुढं पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी अशी जोडी मिळायला लागली. बंदी गुटख्यावर होती, दोन पुड्या एका तळहातावर रिकाम्या करण्यावर नव्हती.

आता सिनेमा. २००५ साली अंबुमणी रामदास आरोग्यमंत्री होते. त्यांच्या खात्यानं ठरवलं की पडद्यावर धूम्रपान दाखवायचंच नाही. महेश भट्ट दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २००९ मध्ये ती बंदी रद्द झाली. मग तडजोड निघाली. २ ऑक्टोबर २०१२ पासून आपण बघतो ते हेच : सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्याची फीत, २० सेकंदांची दृकश्राव्य सूचना, आणि पडद्यावर जेवढा वेळ सिगारेट दिसेल तेवढा वेळ खाली इशाऱ्याची एक ओळ. १ सप्टेंबर २०२३ पासून मोबाईलवरच्या मालिकांनाही हेच लागू झालं. २०१३ साली वुडी ॲलन या अमेरिकन दिग्दर्शकानं या ओळीपायी आपला चित्रपट भारतात लावूच दिला नाही. माझ्या मते जरा जास्तच रागावला.

सूचना चित्रपटाच्याच भाषेत द्यायची असते. आपण सीमेवरची माणसं तिन्ही भाषांतले सिनेमे बघतो. म्हणजे देशात सगळ्यांत जास्त सावध केलेला प्रेक्षक बेळगावचाच असणार.

ती ओळ काय करते, ते माझ्या नातवानं दाखवून दिलं. आम्ही दोघं मोबाईलवर एक मालिका बघत होतो. लग्नाचा प्रसंग, मांडवात गर्दी, आणि खाली ओळ आली. नातू एकदम पुढं वाकला. “आजोबा, कुठाय? कोण ओढतंय?” आम्ही दोघांनी मागे नेऊन बघितलं. मांडवाच्या कडेला एक आचारी, त्याच्या बोटांत बिडी, करंगळीएवढी. दिग्दर्शकालाही ती माहीत नसेल. वराकडे, वधूकडे कुणाचं लक्ष नाही; सगळ्या प्रसंगात आम्हाला ती बिडी तेवढी दिसली. सरकारनं तिला बोट लावून दाखवली होती. याला मी अतिरेक म्हणतो.

बरं, ओळ कुणासाठी येते ते बघा. पडद्यावर ओढणारा बहुधा सिगारेट ओढतो, कारण ती दिसायला बरी, धूर छान निघतो. देशात काय चाललंय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.७ टक्के माणसं ओढणारी निघाली. त्यात सिगारेटवाले ४ टक्के, बिडीवाले ७.७ टक्के. आणि चघळणारे, मळणारे, दाताला लावणारे किती? २१.४ टक्के. ओढणाऱ्यांच्या दुप्पट. यांना धूरच नाही. आपल्या गावातला म्हातारा कमरेची चंची सोडतो, चुन्याची डबी काढतो, तळहातावर मळतो, दोन थापा मारतो, शेजाऱ्यापुढं हात करतो. तो न घेणं म्हणजे अपमान. आणि बायकांची मिश्री! तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, बोटानं दाताला लावायची, सकाळी एकदा, मग दुपारी, मग सवयच. तिला पुडी नाही, कंपनी नाही, पाकीट नाही, म्हणून ८५ टक्क्यांचं चित्रही नाही. माझ्या थोरल्या मावशीला कुणी “तुम्ही तंबाखू खाता का?” विचारलं तर ती म्हणायची, “छे रे, मी दात घासते.”

नियमात चघळण्याच्या तंबाखूसाठीही सूचना आहे, हे खरं. पण थिएटरात गेल्यावर आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला तो त्या फितीतला मुकेश. भुसावळकडचा पोरगा, २४ व्या वर्षी टाटा रुग्णालयात कॅन्सरनं वारला. विचारून बघा लोकांना, तो कशानं गेला? दहातले सात सांगतील, सिगारेटनं. तो गुटखा खात होता. धुरावर एवढा भर दिला की खाणाऱ्याला वाटतं, आपण सुटलो.

आता माझ्या मूळ दुखण्यावर येतो. आमच्या आईला आयुष्यात कुणी धूर दिला नाही, दिली ती धूळ. वखारीत तंबाखू कुटायची, चाळायची, भरायची. नाका-तोंडाला पदर बांधलेला, तरी संध्याकाळी खोकताना पिवळं पडायचं. तिच्या केसांना, तिच्या लुगड्याला, तिनं केलेल्या भाकरीला तोच वास. पोरांना आईचा वास म्हणजे काय विचारलं तर निपाणीतली आमची पिढी तंबाखूच सांगेल. घरी आल्यावर मांडीवर सूप, तेंदूची पानं, सूत. हजार बिड्या झाल्याशिवाय पाठ टेकायची नाही. कारखान्यात नेऊन दिल्या की मुनीम छाट काढायचा, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकायचा. छाटीचे पैसे नाहीत. बिड्या मात्र परत मिळायच्या नाहीत. त्या कुठं जायच्या, हे आम्हाला शाळेत गणित शिकल्यावर कळलं.

या धुळीखाली कुठलीही ओळ आली नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं शेतकऱ्यांनी इथल्या महामार्गावर ठाण मांडलं. मी बाविशीत होतो, रस्त्यावर भाकऱ्या पोचवायला जात होतो. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. पिकवणाऱ्याची ती कथा. वखारीतल्या बायकांची कथा १९८२ साली पडद्यावर आली. ‘युगांतर’ नावाचा स्त्रियांचा चित्रपटगट इथं आला, आणि निपाणीतल्या बायकांनी संघटना कशी उभी केली यावर त्यांनी त्याच बायकांना घेऊन माहितीपट केला. आज कुणी त्यावर कथापट काढायचं ठरवलं तर? वखारीत कॅमेरा लावला की जिकडं बघावं तिकडं तंबाखू. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत खाली ओळ ठेवायची की नाही, ते कायदेपंडितांनी सांगावं. मला एवढंच कळतं की ओळीनं ती बाई आरोपी दिसेल.

बिडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ चा कायदा होता. बिडीवर उपकर बसायचा, त्यातून दवाखाना, पोरांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत. मलाही एक वर्ष मिळालीय ती शिष्यवृत्ती. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर बंद झाला. सिनेमातली ओळ चालूच आहे. ओळीला खर्च नाही.

इथं पुढच्या रांगेतून एका मुलानं मघाशी चिठ्ठी पाठवली, “सर, मग नियम काढावेत का ठेवावेत?” ठेव की बाबा. बसमध्ये, दवाखान्यात, शाळेजवळ आहेत ते ठेव, आणखी कडक कर. सिनेमाच्या सुरुवातीची फीतही राहू दे. त्या वेळी निम्मे लोक सामोसे घेत असतात, पण निम्मे बघतात. जाहिरात म्हणून पाकीट दाखवणाऱ्याला सोडू नकोस. चालू प्रसंगाखालची ती ओळ तेवढी काढ, आणि तिच्यावर जेवढा जीव टाकलास त्यातला थोडा मिश्रीवर टाक, थोडा वखारीवर.

शेवटी आईचंच एक सांगतो. थकली होती, घरीच असायची. टीव्हीवर मुकेशची जाहिरात लागली. मन लावून बघितली, शेवटपर्यंत. मग मला म्हणाली, “त्या पोरानं खाल्लेली ती आपल्या वखारीतली असंल काय रं?”

मी म्हटलं, “नाही गं, आपली बिडीची. त्यानं गुटखा खाल्ला.”

“व्हय?” म्हणाली, आणि गप्प बसली. पण त्यानंतर ती जाहिरात लागली की उठून आत जायची, आणि संपली का म्हणून आतून विचारायची.