मिंधा

मगाशी एक चिठ्ठी आली: ‘दान केल्यावर देणाऱ्याला समाधान मिळतं, मग ते निःस्वार्थ कसं?’ प्रश्न जुनाच आहे आणि खरं सांगायचं तर मला तो फारसा अडवत नाही. देताना बरं वाटत असेल तर वाटू द्या की! मला काळजी आहे ती घेणाऱ्याची.

आपल्याकडे एक फार नेमका शब्द आहे, मिंधा. उपकाराखाली ज्याची मान वर होत नाही, समोरच्याला ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तो मिंधा. घेतलेले पैसे एक वेळ फिटतात, मिंधेपण फिटत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलंय. त्यातले देश, काल, पात्र हे शब्द आपल्याला पाठ असतात. पण त्यांच्या आधी ‘अनुपकारिणे’ असा शब्द येतो आणि तो घाईत निसटतो. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही, अशा माणसाला दिलेलं. तामस दान कोणतं, तर ‘असत्कृतम् अवज्ञातम्’, म्हणजे मान न राखता, तुच्छतेने दिलेलं. रकमेचा कुठे उल्लेखच नाही.

बाराव्या शतकातला ज्यू पंडित मायमोनिडीज याने तर दानाच्या आठ पायऱ्या लावून ठेवल्या. सगळ्यात खाली, कुरकुरत दिलेलं. वरून दुसरी पायरी अशी की देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. मग सगळ्यात वर काय असेल? कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पायावर उभं करणं, म्हणजे पुन्हा हात पसरायची वेळच येऊ नये. कर्जाला दानाच्या डोक्यावर बसवणारा हा माणूस मला फार आवडतो. कर्ज फेडता येतं ना!

चक फीनी हे अमेरिकन उद्योगपती. १९८२ साली संस्था काढून त्यांनी देणं सुरू केलं आणि २०२० पर्यंत आठ अब्ज डॉलर्सहून अधिक वाटून ती बंद केली. पहिली कित्येक वर्षं हे पैसे कुणाचे, हे गुप्तच होतं. १९९७ मध्ये नाव बाहेर आलं.

पण एवढं लांब जायला नको. रक्ताची पिशवी जवळून पाहा. लेबलावर क्रमांक, रक्तगट, रक्त घेतल्याची तारीख, वापरायची मुदत. नाव नाही. तिचे घटक वेगळे केले की लाल पेशी एकाला, प्लेटलेट्स दुसऱ्याला, प्लाझ्मा तिसऱ्याला. यातला एकही जण देणाऱ्याला रस्त्यात ओळखणार नाही. मिंधं व्हायचं तरी कुणाचं?

आता माझं सांगतो. एका मुलाची वर्षाची फी मी भरली होती. कुणाला बोललो नाही, आणि त्या न बोलण्याचाही मनातून तोरा होता. चार-पाच वर्षांनी एका समारंभात तो दिसला. मित्रांच्या घोळक्यात होता. माझ्याकडे पाहून जरा मान हलवली आणि पुन्हा गप्पांत रमला. मला झोंबलं. घरी पोचेपर्यंत झोंबत राहिलं. दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, आपण फी व्याजाने लावली होती आणि आज वसुलीला गेलो होतो. तो मात्र तिथे ताठ मानेने, खदखदून हसत उभा होता.