‘माझं माणूस’: गेममधलं प्रेम मराठीत लिहिताना

लाइट गेली तर जाऊदे, माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो, जत्रेच्या नाटकांत कामं करून एवढं तरी कमावलंय.

मागे बसलेल्या काकांनी मघाशी विचारलं की गेममध्ये प्रेम कसलं, तिथे नुसती मारामारी ना. काका, तसं नाही राहिलं आता. सोबत पात्रं असतात, त्यांच्याशी गप्पा मारायच्या, गिफ्ट द्यायचं, आणि मग कोणाशीतरी जुळवायचं. गंमत अशी की खेळणारा आपला हिरो पुरुष घेणार की बाई हे लिहिणाऱ्याला आधी माहीत नसतं, मग समोरच्या पात्राला कोण आवडतं ते ठरवायचं कसं?

सोपा रस्ता म्हणजे सगळ्यांना सगळे चालतात. स्टारड्यू व्हॅली, 2016 चा शेतीचा गेम, त्यात 12 जण लग्नाला तयार, तुम्ही कोणीही असा. 2023 च्या बाल्डर्स गेट 3 मधल्या सोबत्यांचंही तसंच. ह्याला प्लेअरसेक्शुअल म्हणतात. दुसरा रस्ता, पात्राची आवड पक्की. ड्रॅगन एज इन्क्विझिशन, 2014, त्यातला डोरियन गे आहे, तुम्ही बाई घेऊन खेळत असाल तर नाही म्हणजे नाही. त्याच्या बापाने त्याला रक्ताच्या जादूने ‘बदलायचा’ बेत केलेला, म्हणून त्याचं घराशी फाटलं. लिहिणारा डेव्हिड गेडर स्वतः गे. डोरियनला कोणीही चाललं असतं तर ह्या भांडणात काय जीव उरला असता? पण ह्याचा तोटाही सांगतो, त्याच गेममध्ये बाई होऊन खेळलात तर जुळवायला चार पुरुष (वंशाच्या अटी आहेत, त्या सोडा), पुरुष होऊन पुरुष हवा असेल तर दोनच. म्हणजे पक्कं लिहायचं तर ताटात वाढतानाही हात सढळ पाहिजे.

आता आमची कथा. कॉलेजच्या पोरांबरोबर एक छोटा गेम लिहीत होतो, मराठीत, गावातल्या जत्रेवर. त्यात सायकलवरून पाव विकणारा एक तरुण पोदेर. आधी ठरलं, ह्याला कोणीही चालेल. आणि पहिल्याच डायलॉगला अडलो. इंग्लिशमध्ये ‘यू’ म्हटलं की भागतं, आपल्याकडे ‘तू आलास’ की ‘तू आलीस’? बरं ते दोनदा लिहू, पण त्याचं जुनं प्रेम? स्टारड्यूमधल्या लेआचा जुना जोडीदार केल, तुम्ही बाई असलात तर बाई, पुरुष असलात तर पुरुष, नाव तेच, दोन्हीकडे चालणारं. मराठीत ‘केल निघून’ म्हटल्यावर पुढे गेला की गेली, क्रियापद लगेच चुगली करतं.

मग एका मुलाने तोडगा काढला. ‘माझं माणूस मुंबईला गेलं ते परत आलंच नाही.’ नपुंसकलिंग! वर मायाही आहे त्यात. आणि गोव्यात कोणाला खटकणार, कोकणीत तर तरण्या मुलीलाही आपण ‘तें आयलें’च म्हणतो. मी खूश, म्हटलं झालं काम.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, “सर, असं तर तो आईसमोर बोलेल ना. आमच्यासमोर कशाला?”

मी गप्पच झालो. कारण ती बरोबर होती, लपवणारी माणसं अशीच तर बोलतात. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, समलिंगी संबंध हा गुन्हा राहिला नाही, पण आईपुढे क्रियापद सांभाळावंच लागतं. आमचा सोपा तोडगा म्हणजे त्या पोदेराचं रोजचं लपणं होतं आणि आम्हाला पत्ताच नाही.

मग त्याला गे केला, पक्का. हिरो पुरुष असो नाहीतर बाई, ऐकायला तेच मिळतं, जुळणं मात्र पुरुषाशीच. आईजवळ, गिऱ्हाइकांजवळ, तुमच्याजवळ सगळीकडे ‘माझं माणूस’. चार सकाळी तसंच. पाचव्या सकाळी हॉर्न वाजतो, तो टोपलीवरचं कापड बाजूला करतो, उंडे, म्हणजे गोल पाव, मोजतो, आणि वर न बघता म्हणतो, “तो येणार नाही आता.” बस्स, एवढंच, म्युझिकही ठेवलं नाही.

खाली तीन उत्तरं येतात. दोन लांबलचक, समजूतदार. टेस्टिंगला आलेल्या बहुतेकांनी तिसरं दाबलं, “चार उंडे दे. आणि बस जरा.”