विमान नको, मग समुद्र कसा ओलांडायचा?

नमस्कार मंडळी.

आधी हा आवाज ऐका.

[क्लिप : डब्यातला अंधार, दहा सेकंद फक्त आवाज]

खण्ण... मग साखळी ओढल्यासारखं काहीतरी... मग एकदम शांत. हे मी रेल्वेच्या डब्यात, माझ्या बर्थवर बसून टिपलंय. आता खिडकीकडे बघा. बाहेर प्लॅटफॉर्म नाही, झाडं नाहीत. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ लोखंडी भिंत आहे. त्या वेळी आमची गाडी जहाजाच्या पोटात उभी होती.

ही जागा इटलीच्या दक्षिण टोकाला आहे, व्हिला सान जोव्हानी. पलीकडे सिसिली बेट, त्यावर मेस्सिना शहर. मधली सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 3 किलोमीटर. पूल नाही. पुलाची चर्चा कित्येक दशकं चालू आहे, पण गाडी अजून बोटीनेच पलीकडे जाते आणि हे 1899 पासून चालत आलंय.

विमानाशिवाय जग फिरता येतं का, असं मला नेहमी विचारतात. येतं. बरंचसं येतं. पण त्यासाठी गाड्यांची वेळापत्रकं पाठ करून भागत नाही. रेल्वेत एक रूळ दुसऱ्या रुळाला जिथे मिळतो त्या जागेला आपण सांधा म्हणतो. जमिनीवरच्या प्रवासातही असेच सांधे असतात. रूळ संपून पाणी लागतं, रुळांची रुंदी बदलते, देशाची हद्द येते. प्रवास तिथेच जमतो किंवा तिथेच फसतो. आज मी फक्त या सांध्यांबद्दल बोलणार आहे.

तर मेस्सिना. मी रोमहून सिसिलीतल्या सिराकुसाला निघाले होते. व्हिला सान जोव्हानीला गाडी थांबते, इंजिन सुटतं आणि शंटिंग सुरू होतं. अख्खी गाडी एका रांगेत मावेल इतकं लांब जहाज नसतं. म्हणून गाडीचे तुकडे करतात आणि जहाजातल्या शेजारी-शेजारी असलेल्या रुळांवर एकेक तुकडा ढकलतात. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये रूळ बसवलेला एक हलता पूल असतो. जहाजावर वजन चढेल तसं ते खाली बसतं, आणि पुलाचं टोकही त्याच्याबरोबर खाली जावं लागतं. सगळे डबे एकाच बाजूच्या रुळांवर चढवले तर जहाज कलंडेल. त्यामुळे कुठला तुकडा आधी आणि कुठल्या रुळावर, हे ठरलेलं असतं, शिवाय जहाजाच्या टाक्यांमधलं पाणी इकडून तिकडे फिरवून तोल राखतात. मग डबे साखळ्यांनी जखडतात. मघाशी ऐकलात तो आवाज त्याचाच.

डब्यात बसून राहिलात तरी चालतं. पण कृपा करून बसू नका. डब्यातून उतरा, दोन बाजूंच्या डब्यांमधली ती चिंचोळी वाट धरा, आणि जिना चढून वर डेकवर या. जाताना आपला डबा कुठल्या रुळावर आहे ते नीट बघून ठेवा, परतताना सगळे डबे सारखेच दिसतात. वर बारमध्ये आरांचिनी मिळतात. भाताचा गोळा, आत खिमा किंवा चीज, बाहेरून कुरकुरीत तळलेला. बटाटेवडा जसा हातात धरून खातो तसाच खायचा. तो खाता खाता समोर मेस्सिना जवळ येत राहतं, आणि बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर मदर मेरीचा पुतळा दिसायला लागतो. माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या. सिसिलीच्याच असाव्यात. पुतळा दिसला तशी त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, छातीवर क्रूस काढला आणि पुन्हा पिशवी उचलली. विठ्ठलाचा कळस दिसल्यावर हात जोडणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलेय, मला त्या आजी लगेच ओळखीच्या वाटल्या.

पाणी ओलांडायला अर्धा तास पुरे होतो. डबे चढवणं-उतरवणं धरून दीड-दोन तास जातात. मेस्सिनाला गाडी पुन्हा जोडतात, काही डबे पालेर्मोकडे जातात, काही सिराकुसाकडे.

अशा प्रवासी गाड्या नेणाऱ्या बोटी युरोपात आता जवळजवळ संपल्यात. हांबुर्ग ते कोपेनहेगन जाणारी गाडी बाल्टिक समुद्र बोटीतून ओलांडायची, ती डिसेंबर 2019 मध्ये थांबली. तिथे आता 18 किलोमीटरचा बोगदा बांधतायत. वेळ वाचेल, मान्य. तरी मला वाईट वाटतं.

आता दुसरा सांधा. हा पाण्याचा नाही, रुळांच्या रुंदीचा आहे. हाताची चार बोटं एकमेकांना चिकटवून समोर धरा. ही साधारण 85 मिलिमीटर रुंदी झाली. चीनमधल्या रुळांची रुंदी 1435 मिलिमीटर, मंगोलिया आणि रशियात 1520. फरक एवढाच, चार बोटांचा. पण त्यासाठी चीनच्या सरहद्दीवर एरलियान नावाच्या गावात गाडी शेडमध्ये नेतात, डबे सुटे करतात आणि जॅक लावून वर उचलतात. आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण रेल्वेच्या माणसांच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट. त्या बोग्या खालून सरकवून काढतात, दुसऱ्या रुंदीच्या सरकवतात, आणि डबा अलगद खाली बसवतात. या कामात काही तास जातात. स्पेनने वेगळी वाट काढली. तिथल्या काही गाड्या एका खास रुळावरून हळूहळू पुढे जातात आणि चालता चालताच चाकांमधलं अंतर बदलतं.

आपले रूळ याहून रुंद, 1676 मिलिमीटर. पाकिस्तानातही तेच. म्हणजे लाहोरहून निघालेली गाडी रुळांच्या हिशोबाने थेट इराणमधल्या झाहेदानपर्यंत जाऊ शकते, तिथे 1435 ची लाइन भेटते आणि पुढे तेहरान, तुर्कस्तान, युरोप. नकाशावर रूळ आहेत. पण अटारी-लाहोर समझोता एक्स्प्रेस ऑगस्ट 2019 पासून बंद आहे, कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस जुलै 2024 पासून. मुंबईहून लंडनला सलग रेल्वेने जाता येईल का याचं आजचं उत्तर नाही असंच आहे. तुम्हाला खोटी आशा लावायची मला इच्छा नाही. आपल्याला बहुतेक वेळा एक विमान घ्यावंच लागतं आणि पुढचा प्रवास जमिनीवरून करता येतो.

पण हे नेहमीच असं नव्हतं. मार्सेलिस म्हटलं की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते, 8 जुलै 1910, मोरिया बोट, सावरकरांची उडी. शाळेत ती गोष्ट ऐकताना मला कधी प्रश्न पडला नव्हता की लंडनहून मुंबईला निघालेली बोट फ्रान्सच्या त्या बंदरात थांबलीच कशाला? तर तिथे सांधा होता! लंडनहून बोटीने निघालं की स्पेन-पोर्तुगालला वळसा घालून यावं लागायचं. ज्यांना ते दिवस वाचवायचे असत ते लोक इंग्लिश खाडी ओलांडून रेल्वेने थेट मार्सेलिसला येत आणि तिथे बोट धरत. टपालही तसंच येई. उलट दिशेनेही हाच रस्ता. 1931 साली गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी मुंबईहून राजपुताना बोटीने निघाले, मार्सेलिसला उतरले, आणि पुढे रेल्वेने, मग खाडी ओलांडून लंडनला पोचले. आणि मुंबईतही असाच सांधा होता, बॅलार्ड पियरला. बोटीतून उतरायचं आणि धक्क्याजवळच्याच स्टेशनात गाडीत बसायचं. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल वर्षातले काही महिने तिथूनच पेशावरकडे निघायची.

आता थोडं कामाचं बोलते.

पहिली गोष्ट फेरीची, म्हणजे प्रवासी बोटीची. स्टेशन आणि बंदर एकाच गावात आहेत म्हणून शेजारी-शेजारी असतील असं धरून चालू नका. इटलीतल्या एका बंदरात माझी ग्रीसची फेरी डोळ्यांसमोरून निघून गेली. बोट सुटायला पाऊण तास होता, मी धक्क्यावर पोचलेही होते. पण चेक-इनची खिडकी दुसऱ्या टोकाला होती आणि ती केव्हाच बंद झाली होती. रात्र धर्मशाळेसारख्या एका हॉटेलात काढली आणि तिकिटाचे पैसे गेले. तेव्हापासून माझा नियम एकच, गाडी आणि फेरी यांच्यामध्ये निदान चार तास. रात्रीची फेरी असेल तर सकाळीच गावात पोचायचं. आणि तिकीट काढण्याआधी एक नक्की विचारा, पायी प्रवासी घेता का? काही मार्गांवर फक्त मोटारवाल्यांना आणि ट्रकवाल्यांनाच घेतात.

रेल्वेच्या पासचं म्हणाल तर युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. पण पास आहे म्हणजे जागा आहे असं नाही, रात्रीच्या गाड्यांचं आणि बऱ्याच वेगवान गाड्यांचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे.

आणि व्हिसा. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. बल्गेरिया आणि रोमानिया जानेवारी 2025 पासून पूर्णपणे त्यात आलेत, म्हणजे तिथले दिवसही मोजले जातात. फेरीने इंग्लंडला किंवा रेल्वेने तुर्कस्तानला गेलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. परत यायचं असेल तर एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा हातात हवा. इस्तंबूल-सोफिया ही रात्रीची गाडी तर तुर्कस्तानच्या सरहद्दीवरच्या कापिकुले स्टेशनवर ऐन झोपेत सगळ्यांना खाली उतरवते आणि पासपोर्टच्या रांगेत उभं करते. स्वेटर उशाशी ठेवून झोपा.

प्रदूषणाचंही एक खरं सांगते. विजेवरच्या रेल्वेचं विमानापेक्षा कितीतरी कमी, यात शंका नाही. फेरीबद्दल मात्र मी सरसकट तसं म्हणणार नाही. मोठ्या वेगवान फेऱ्या भरपूर इंधन पितात.

शेवटी आपल्या घराजवळचा सांधा, आणि हा माझ्या फार मनात आहे. 1914 मध्ये रामेश्वरमला जोडणारा पांबन पूल झाला आणि मद्रासहून निघालेली बोट मेल ही रेल्वेगाडी धनुष्कोडीला यायला लागली. तिथून बोटीने साधारण 35 किलोमीटर, पलीकडे श्रीलंकेत तलाईमन्नार, आणि धक्क्यावरूनच कोलंबोची गाडी. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळ आलं. धनुष्कोडी गेलं, आणि त्याच्या दिशेने निघालेली पॅसेंजर गाडी माणसांसकट लाटांनी गिळली.

ऑक्टोबर 2023 मध्ये तमिळनाडूतलं नागपट्टिणम ते श्रीलंकेतलं कांकेसंतुराई अशी प्रवासी फेरी सुरू झालीय. हवामानामुळे ती मधूनमधून बंद असते, त्यामुळे निघण्याआधी चौकशी हवीच. पण भारतातून विमानाशिवाय परदेशात जायची ही एक खरी वाट आहे, आणि माझा पुढचा प्रवास तोच आहे. मुंबईहून रेल्वेने नागपट्टिणम, बोटीने कांकेसंतुराई, तिथून गाडीने खाली. मग मुद्दाम वाट वाकडी करून तलाईमन्नार पियर या स्टेशनला जाणार आहे. रूळ तिथे संपतात. पुढे जुन्या धक्क्याचा सांगाडा, मग पाणी, आणि पलीकडे धनुष्कोडी.

तुमच्या घरात कुणी त्या बोट मेलने गेलं असेल, आजोबा, आत्या, कुणीही, तर मला नक्की कळवा. जाण्याआधी मला त्यांच्याशी बोलायचंय.