पाठ टेकल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावच्या यात्रेतल्या कुस्त्या मला अजून आठवतात. हलगीचा ठेका, तांबड्या मातीचा वास, आणि एखाद्या पैलवानाची पाठ मातीला लागली की चारी बाजूंनी उठणारा गलका. पाठ लागली की कुस्ती निकाली. त्यापुढे कुणी काही बोलायचं नाही, पंचांनीही नाही. पाठ टेकणं म्हणजे हार, हे आपल्याकडे पोराटोरांच्या मनावर असं लहानपणीच कोरलं जातं. आज ज्या मुलीबद्दल बोलणार आहे, तिला बहुधा हीच गोष्ट मनातून पुसताना सगळ्यांत जास्त कष्ट पडले असतील. तिच्या लढती बघताना मला तसं सारखं वाटत राहतं.

पूजा तोमर तिचं नाव. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर जिल्ह्यात बुढाना आहे, ती तिथली. वुशू या चिनी युद्धकलेत पाच वेळा राष्ट्रीय विजेती. वुशूचे दोन भाग आहेत. ताओलू म्हणजे एकट्याने करून दाखवायच्या हालचाली, तलवार-भाल्यांसकट. आणि सांदा म्हणजे समोरासमोरची लढत. पूजा सांदाची.

सांदा कसा खेळतात ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद असा चौथरा. जमिनीपासून 80 सेंटिमीटर उंच, भोवती दोर नाहीत, खाली गाद्या अंथरलेल्या. डोक्याला शिरस्त्राण, छातीला संरक्षक पट्टा, हातात जाड मोजे. दोन मिनिटांची एक फेरी, आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या. ठोशाला एक गुण, छाती-पोटावर किंवा डोक्यावर बसलेल्या लाथेला दोन. समोरच्याची लाथ हवेतच धरायची, त्याला आडवं करायचं आणि आपण उभं राहायचं, त्यालाही दोन गुण. चौथऱ्यावरून खाली ढकललं तरी फायदा. पण खेळाडू खाली पडला की पंच थांबवतात, उठवतात, पुन्हा समोरासमोर उभं करतात. जमिनीवरची झटापट सांदात नाहीच.

मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, ज्याला सगळे एमएमए म्हणतात, पंच त्या क्षणी थांबवत नाहीत. खाली पडलेल्याच्या अंगावर दुसरा चढतो आणि लढत तिथून पुढे चालू राहते. हातात बोटं उघडी असलेले चार औंसांचे पातळ मोजे, भोवती जाळीचा पिंजरा, आणि पाच पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदाची लढत असेल तर पाच. सहा मिनिटांच्या खेळाची सवय असलेल्या शरीराला पंधरा मिनिटं पुरायचं असतं. दम कमावता येतो. पण जमिनीवर काय करायचं, हे अंगात भिनायला वर्षं जातात.

वुशूतून तिकडे गेलेली पूजा काही पहिली नाही. व्हिएतनाममध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला कुंग ले हा सांदातला मोठा खेळाडू. 2008च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सॅन होजेत तो एमएमएतल्या फ्रँक शॅमरॉकविरुद्ध विजेतेपदाच्या लढतीत उतरला. शॅमरॉक लाथा हातावर झेलत राहिला. तिसरी फेरी संपली तेव्हा त्याच्या हाताचं हाड मोडलेलं होतं, चौथ्या फेरीला तो उठलाच नाही. लाथ अडवली तरी ती लागते, हे त्या रात्री जगाला दिसलं. चीनच्या झांग वेईलीनेही लहानपणी सांदा केला होता. 2019च्या ऑगस्टमध्ये शेन्झेनला तिने 42 सेकंदांत जेसिका आंद्राजेला हरवून यूएफसीचं, म्हणजे एमएमएच्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेचं, विजेतेपद घेतलं. पूजाचा वजनगटही तोच, 52 किलोंचा.

इथे आपल्या महाराष्ट्राची एक आठवण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 2017च्या नोव्हेंबरमध्ये शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात भरत खंडारे उतरला होता. कुस्तीत तयार झालेला आपला गडी. समोर सोंग यादोंग, चीनचा कोवळा पोरगा, त्याचंही मूळ सांदाचं. पहिल्याच फेरीत त्याने भरतची मान काखेत धरून गळा आवळला आणि लढत संपवली. बघा, कुस्तीतल्या माणसाला सांदाच्या पोराने मान पकडून हरवलं! त्याने जमिनीवरची विद्या आधीच शिकून घेतली होती. तो पराभव मला फार लागला. पण त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकणाऱ्यांमध्ये भरत होता, हे मराठी माणसाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता पूजाकडे. ती वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए स्पर्धेत खेळली, तिथे हरलीसुद्धा. 2020च्या जानेवारीत बँकॉकला थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिला पहिल्याच फेरीत थांबवलं. ती परत आली, मॅट्रिक्स फाइट नाइट या भारतीय स्पर्धेत विजेती झाली, आणि 2023मध्ये यूएफसीने तिच्याशी करार केला. यूएफसीने करारबद्ध केलेली ती पहिली भारतीय महिला.

आठ जून 2024. अमेरिकेतलं लुईव्हिल, म्हणजे मुहम्मद अलीचं जन्मगाव. समोर ब्राझीलची रायन दोस सांतोस. पहिल्या फेरीत पूजाच्या लाथा रायनच्या बरगड्यांवर बसत होत्या, सांदाच्या चौथऱ्यावर बसाव्यात तशाच. दुसऱ्या फेरीत रायन सरसावली. तिसरी फेरी तुल्यबळ चालली होती. तेवढ्यात पूजाने गुडघा छातीजवळ घेतला आणि तळपाय सरळ पुढे ढकलला. रायन मागे जाऊन पडली. ती लाथ सांदात चौथऱ्यावरून खाली घालवायला वापरतात. इथे खाली घालवायला कडा नव्हती, होती ती जमीन.

निकाल जाहीर होताना श्वास रोखून धरावा असे गुण आले. एका परीक्षकाने 30-27 पूजाच्या बाजूने दिले, दुसऱ्याने नेमके उलटे. तिसऱ्याचे 29-28, आणि ते पूजाला. यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय महिला! त्यानंतर ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आनंदाने फुटलेल्या आवाजात बोलली. भारतीय लढवय्ये हरणारे नाहीत, हे तिला जगाला दाखवायचं होतं.

2025च्या मार्चमध्ये लंडनला आयर्लंडच्या शॉना बॅननने दुसऱ्या फेरीत आर्मबार लावून तिला हरवलं. आर्मबार म्हणजे समोरच्याचा हात दोन मांड्यांमध्ये धरायचा, मनगट छातीशी घट्ट आवळायचं आणि कंबर वर उचलायची. कोपर उलटं वाकायला लागतं. हाताने थाप मारून हार मानली नाही तर हाड जातं. आणि मुख्य म्हणजे हा डाव स्वतःची पाठ जमिनीला टेकलेली असतानाही लावता येतो. आपल्या आखाड्यात जी माणसं हरलेली म्हणून बाहेर गेली असती, ती इथे त्याच अवस्थेतून जिंकतात.

पूजाला लाथ शिकवायची गरज नाही, ती तिच्या रक्तात आहे. पडल्यावर पंच उठवायला येतील, ही पंधरा-वीस वर्षांची सवय मोडायची आहे. आपल्याकडे मणिपूरपासून हरियाणापर्यंत सांदाच्या पोरी तयार होतात, आशियाई स्पर्धेत पदकं आणतात. 2023ला हांगझोऊमध्ये रोशिबिना देवीने रौप्य मिळवलं. त्यांच्यातल्या कुणाला उद्या पिंजऱ्यात जावंसं वाटलं, तर तिला आजपासूनच चौथऱ्यासोबत जुजुत्सूची, म्हणजे जमिनीवरच्या डावांच्या विद्येची, गादीही मिळायला हवी. विशीतच, तिशीत नव्हे.

श्रोतेहो, अशी एखादी मुलगी कधी पडद्यावर दिसली, तर तिच्या पायांकडे तर बघाच. पण ती खाली पडेल तेव्हा तिच्या हातांकडे बघा. ते पंचांची वाट बघत जमिनीवर टेकलेत, की समोरच्याच्या मनगटाकडे निघालेत.

नमस्कार.