‘दूध नको’ आणि ‘हे दूध नाही’

दीड वर्षाच्या मुलाचं पोट भरलेलं असताना पुढे वरणभाताचा घास धरून बघा. मान फिरते, ओठ मिटतात, आणि बोलायला लागलेलं असेल तर ‘नको’ येतं. आपण लगेच म्हणतो, याला नकार कळायला लागला. मला वाटतं, इथे आपण घाई करतो.

मुलांच्या भाषेच्या अभ्यासक लोइस ब्लूम यांनी १९७० साली इंग्रजी बोलणाऱ्या तीन मुलांच्या बोलण्यातून नकाराचे तीन अर्थ वेगळे काढले. वस्तू नसणं, ती नाकारणं आणि दुसऱ्याचं म्हणणं खोडणं. यातलं खोडणं त्या मुलांच्या वाक्यांत सगळ्यांत शेवटी आलं. इंग्रजी मूल सुरुवातीला तिन्हींसाठी ‘नो’ वापरू शकतं, म्हणून ते वेगळे काढायला कष्ट पडतात. आपल्याकडे निम्मं काम भाषेनंच करून ठेवलंय. ‘दूध नको’ आणि ‘दूध नाही’ यांत कुठल्याही आजीची गल्लत होणार नाही. पण ‘दूध नाही’ आणि ‘हे दूध नाही, ताक आहे’ या दोन्हींत शब्द तोच आहे. हे दुसरं ‘नाही’ अवघड. त्यासाठी आधी ‘हे दूध आहे’ हे विधान मनात धरावं लागतं आणि मग ते खोटं ठरवावं लागतं.

२०१७ साली रोमन फाइमन, सुझन केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांबरोबर एक खेळ मांडला. चेंडू बादलीखाली किंवा खेळण्यातल्या ट्रकखाली लपवायचा, आणि सांगायचं, ‘बादलीत नाही’. तर मग तो ट्रककडेच असणार. सोळा महिन्यांच्या आसपास ‘नो’ म्हणणाऱ्या मुलांना हा दुवा वापरता आला तो दोन वर्षं उलटल्यावर! तोंडातला शब्द आणि डोक्यातला तर्क यांत इतके महिने गेले.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. नकाराला निमित्त लागतं. या खोलीत हत्ती नाही, हे वाक्य खरं आहे, पण आत्ता मी ते का बोलतोय हे तुम्हाला कळणार नाही. मुलांचंही तसंच आहे. १९७५ साली जिल द व्हिलिए आणि हेलन टेगर-फ्लुसबर्ग यांनी दोन ते चार वर्षांच्या मुलांपुढे एकसारख्या वस्तूंची रांग मांडली आणि तीत एकच निराळी ठेवली. त्या निराळ्या वस्तूबद्दलचं नकारार्थी वाक्य पूर्ण करणं मुलांना सोपं गेलं, कारण तिला बाकीच्यांसारखीच समजण्याची चूक तिथे खरोखर होऊ शकत होती.

म्हणून अंगणवाडीत चित्र दाखवून ‘कोणाच्या हातात फुगा नाही?’ असं आपण एकदम विचारतो, तेव्हा गोंधळलेल्या मुलाला कच्चं ठरवू नका. आधी सगळ्यांना फुगे वाटल्याची गोष्ट सांगा. एकाचा फुटला, तो रडतोय, असं सांगा. मग विचारा.

माझी भाची अडीच वर्षांची असताना लपाछपीत आईला शोधत होती. पलंगाखाली वाकून बघितलं, म्हणाली, ‘इथे नाही.’ क्षणभर उभी राहिली. मग कपाट उघडायच्या ऐवजी थेट मोरीच्या दाराकडे गेली, कारण घरात तेवढं एकच दार बंद होतं.